पाठीचा पुसट नकाशा

कंबर धरली की आपल्याकडे निदान घरातच होतं. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’. मग एमआरआयचं मोठं पाकीट येतं, निदानावर शिक्का बसतो आणि पुढची कित्येक वर्षं ‘एल-फोर, एल-फाइव्ह’चा घरात जप चालतो. ही सगळी भाषा जेमतेम नव्वद वर्षांची आहे. १९३४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन सर्जननी दाखवून दिलं, की मणक्यांमधली चकती फाटून तिचा गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब आणतो. शोध खरा होता. सायटिकाच्या काही रुग्णांना त्याच वाटेने आजही आराम पडतो. (पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.) पण पुढच्या अर्धशतकात पायाच्या कळेचं हे उत्तर सरसकट सगळ्याच पाठदुखीला चिकटवलं गेलं.

१९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. सगळ्या चकत्या ठीकठाक असलेले निघाले फक्त ३६ टक्के. म्हणजे चित्रात दिसणारा दोष आणि अंगात असणारं दुखणं यांची जोडी वाटते तेवढी पक्की नाही. मग जखम केव्हाच भरून आल्यावरही दर दोन-चार महिन्यांनी परतणारं दुखणं येतं कुठून? त्याचा माग काढायला मिक्स्टर-बार यांच्याही शंभर वर्षं मागे, जर्मनीतल्या लाइपझिगला जावं लागतं.

अर्न्स्ट हाइनरिख वेबर हा तिथला शरीरशास्त्राचा प्राध्यापक. कंपासपेटीतल्या डिव्हायडरसारखं दोन टोकांचं साधन घेऊन, दोन्ही टोकं एकाच वेळी कातडीवर टेकवत तो माणसांना विचारत गेला: एक लागतंय की दोन? बोटाच्या टोकाला दोनेक मिलिमीटरचं अंतरही कळत होतं. पाठीच्या मधोमध मात्र टोकं सहा सेंटिमीटरांहून जास्त फाकवावी लागली. तोवर माणूस खुशाल ‘एकच’ म्हणत होता. १८३४ मध्ये वेबरने हे लॅटिनमध्ये छापलं. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे, फक्त टोकं टेकवायला दुसरं कुणी तरी हवं. पाठ आपल्याच अंगाची खरी, पण आपण ती धड कधी पाहिलेली नसते आणि तिथला स्पर्शही असा ढोबळ.

पुढचा मुक्काम लंडनचा. हेन्री हेड या मज्जातज्ज्ञाने १९०३ मध्ये स्वतःच्याच डाव्या हाताची संवेदना नेणारी नस कापून घेतली आणि हळूहळू परतणारा स्पर्श केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सकडून चार वर्षं मोजून घेतला. असला हट्ट आज कुठल्याही नैतिक समितीपुढे टिकणार नाही. मेंदूला इजा झालेले आणि आपला हात कुठे आहे हे डोळे मिटून सांगू न शकणारे रुग्ण तपासून, १९११ मध्ये हेड आणि गॉर्डन होम्स यांनी मांडलं, की मेंदू शरीराचा एक आराखडा बाळगतो आणि दर हालचालीगणिक तो नव्याने जुळवतो. टोपीत पीस खोचणाऱ्या बाईचा आराखडा थेट पिसाच्या टोकापर्यंत पोचतो, हा दाखला त्यांचाच.

या आराखड्याला चित्ररूप दिलं माँट्रिअलच्या वाइल्डर पेनफील्डने. फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असायचा. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर विजेचा हलका स्पर्श करून ‘कुठे काय जाणवलं?’ असं विचारता यायचं. एडविन बोल्ड्रीबरोबर १९३७ मध्ये त्याने जो नकाशा छापला, त्यातूनच जाडजूड ओठांचा, अवाढव्य हातांचा तो विद्रूप माणूस जन्मला. त्याच्याकडे बघताना सगळे हातांकडेच बघतात. धड मात्र नितंब आणि खांदा यांच्यामध्ये चिमटीभर जागेत कोंबलेलं आहे.

गंमत म्हणजे १९३४ आणि १९३७ यांच्यात तीनच वर्षांचं अंतर. पण चकती आणि नकाशा यांची गाठ पडायला साठ वर्षं लागली. माझ्या मते याचं कारण विज्ञानात कमी आणि इस्पितळाच्या मांडणीत जास्त आहे: हाडांचा विभाग एका मजल्यावर, मेंदूचा दुसऱ्या.

ती गाठ घातली जर्मनीत हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी. कापलेल्या हाताच्या जागी होणाऱ्या वेदनेचं नातं मेंदूतल्या नकाशाच्या फेरबदलाशी आहे, हे त्यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं. १९९७ मध्ये त्याच पद्धतीने जुनाट पाठदुखीचे रुग्ण तपासले, तर त्यांच्या मेंदूतला पाठीचा प्रदेश पसरून पायाच्या प्रदेशाकडे सरकलेला आढळला. दुखणं जितकं जुनं, तितका तो पसारा मोठा.

२००८ मध्ये लॉरिमर मोझली या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने यंत्र न वापरता विचारलं, तुम्हाला तुमची पाठ जशी जाणवते तशी काढून दाखवा. हात लावायचा नाही, आठवून काढायची नाही. मोजकेच रुग्ण होते, पण दुखऱ्या भागापाशी त्यांची रेघ अडखळली. तिथली कड सापडतच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच जागी दोन टोकांची चाचणी केली, तर अंतर निरोगी माणसांपेक्षा जास्त लागलं. पुढे बेनेडिक्ट वाँड आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना आरशांच्या मांडणीतून स्वतःची हलणारी पाठ दाखवली, तेव्हा हालचालीने होणारं दुखणं कमी झालं.

इथे ‘म्हणजे हे सगळं मनाचं’ असं म्हणणारे काका-मावश्या हमखास भेटतात. त्यांना एवढंच सांगावं, की मेंदू कवटीत असला तरी अवयवच आहे. पाठीकडून येणारी खबर अस्पष्ट असेल, तर तो सावधगिरी म्हणून स्नायू आवळतो आणि धोक्याची घंटा लवकर वाजवतो, असा या संशोधकांचा तर्क आहे. वेदना त्यात पुरेपूर खरी असते.

शरीराकडे बारकाईने लक्ष देण्याची शिस्त पुण्याला परकी नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार आसनात कुठली कातडी कुठल्या दिशेला ताणली जाते इथवर विद्यार्थ्यांना विचारत. त्यांच्या पद्धतीतल्या शिक्षिकेच्या सहभागाने आखलेल्या बारा वर्गांची चाचणी ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झाली. २०११ मध्ये निकाल आला: रोजची कामं करणं सोपं झालं, प्रत्यक्ष वेदनेत मात्र फारसा फरक नव्हता. जाणीव वाढली की दुखणं पळतं, असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांनी हा निकाल जपून वाचावा.

नकाशाच्या कल्पनेची मोठी परीक्षा झाली ऑस्ट्रेलियात, २७६ रुग्णांवर. निकाल २०२२ मध्ये आला. एका गटाला वेदनेचं शास्त्र समजावलं, पाठीवर कुठे स्पर्श झाला ते ओळखायला लावलं, मग टप्प्याटप्प्याने वाकायला, उचलायला शिकवलं. दुसऱ्या गटाला नुसते उपचाराचे देखावे. अठरा आठवड्यांनी शून्य ते दहाच्या मापावर पहिल्या गटाची वेदना दुसऱ्यापेक्षा साधारण एका अंकाने कमी होती. वर्षानुवर्षं दुखणाऱ्याला एक अंकही थोडका नाही, पण चमत्कारही नाही. शिवाय शिकवणी, स्पर्श आणि हालचाल एकाच पुडीत दिल्यामुळे गुण कशाचा आला, ते या चाचणीतून सांगता येत नाही. नकाशा पुसट झाल्यामुळे पाठ दुखते, की दुखल्यामुळे आणि वापर घटल्यामुळे नकाशा पुसट होतो, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.