कोड : डाग आणि देहस्वीकार

कोड हा दीर्घकाळ सोबत करणारा त्वचाविकार. तो संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशीही त्याचा संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशी नष्ट करते आणि त्वचेवर पांढरे डाग उमटतात. जिवाला धोका नसतो. मात्र जालन्यापासून पुण्यापर्यंत लग्न ठरविताना आधी डागच पाहिले जातात! उपचारांना अनेक महिने लागतात, गेलेले डाग पुन्हा उमटू शकतात. त्यामुळे स्वतःवरील प्रेम रंग परतण्यावर अवलंबून ठेवणे परवडणारे नसते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' (२००६) चित्रपटातील कोड असलेली डॉक्टर आत्मविश्वासाने वावरते. कस लागतो तो तिला न्याहाळणाऱ्या कुटुंबाचा. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या 'श्वेता असोसिएशन'ने स्वमदत गटांबरोबर वधू-वर मेळावेही भरविले.