कोबोलमधून कोबोलमध्ये : 1974 ची एक भाषांतराची गोष्ट

आजचा विषय कोडचं भाषांतर. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, एआयला टाकायचं की दोन मिनिटांत जावाचं पायथॉन! थांबा जरा. आपल्याकडं हे काम 50 वर्षांपूर्वीच सुरू झालंय, आणि तेही मुंबईत.

साल 1974. टीसीएस तेव्हा अवघी सहा वर्षांची, प्रमुख होते फकीरचंद कोहली. परदेशातून कॉम्प्युटर आणायचा तर सरकारची अट अशी, की सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवून द्या. अमेरिकेतल्या बरोज कंपनीकडून काम मिळालं : हॉस्पिटलची एक प्रणाली बरोजच्या 'मीडियम' यंत्रांवरच्या कोबोलमधून 'स्मॉल' यंत्रांवरच्या कोबोलमध्ये न्यायची.

कोबोलमधून कोबोलमध्ये? मग भाषांतर कसलं?

हे बघा, ताडकळसला आपण विचारतो, "काय करायलास?" पुण्यात विचारतात, "काय करतोयस?" दोन्ही मराठीच. पण शब्दाला शब्द ठेवून बदलायला गेलात तर पुणेकराला वाटेल, 'करायला' म्हणजे अजून करायचंच आहे. कोबोलचंही तसंच होतं. 1960 च्या आसपास ती सगळ्या यंत्रांवर चालावी म्हणूनच बनवली, तरी प्रत्येक कंपनीनं आपापली बोली केली. त्यात यंत्रांचा पिंडच वेगळा. बरोजची मीडियम यंत्रं मेमरीचे पत्ते दशमान अंकांत मोजायची. स्मॉल मालिकेतलं बी 1700 थेट एकेका बिटपर्यंत जायचं.

खरी अडचण तर पुढंच. हाताशी यंत्र होतं ते तिसरंच, ब्रिटिश आयसीएल 1903. त्याचा शब्द 24 बिटांचा, अक्षर 6 बिटांचं. म्हणजे उर्दूतला निजामकाळचा कागद मोडीत उतरवायचा, आणि टेबलावर बसलेला माणूस फक्त इंग्रजी जाणणारा!

मग त्यांनी काय केलं? ओळी हातानं बदलत बसण्यापेक्षा आयसीएलवर चालणारा एक फिल्टरच लिहिला. मीडियमचा कोबोल आत, स्मॉलचा बाहेर. मला तर यातलं डोकं फार आवडतं. माणसानं हजार ठिकाणी बदल केला तर शंभर ठिकाणी वेगवेगळ्या चुका होतात. प्रोग्रामची चूक सगळीकडं सारखीच असते, त्यामुळं ती एकदाच दुरुस्त करावी लागते.

पण बाहेर पडलेला कोड बरोबर आहे हे आयसीएलवर चालवून ठरवता येत नाही, बरं का. साधं सॉर्टिंग घ्या. बरोज वापरायची त्या एबसिडिक पद्धतीत अक्षरं आधी, आकडे नंतर. आयसीएलच्या कोडमध्ये आकडे आधी. रुग्णांचे क्रमांक 'ए12' आणि '112' असतील तर तीच यादी दोन यंत्रांवर उलट्या क्रमानं येणार. प्रोग्राम कुठंच अडकत नाही, एरर येत नाही. फक्त भलत्याच रुग्णाच्या नावावर बिल चढू शकतं.

"नुसतं कन्व्हर्जनचं काम" म्हणून नाक मुरडणारे आजही ऑफिसात भेटतात. मला ते पटत नाही. मूळ लिहिणाऱ्याला फक्त स्वतःचा हेतू माहीत असावा लागतो. भाषांतर करणाऱ्याला त्याचा हेतू ओळखून शिवाय दोन यंत्रांचे स्वभाव सांभाळावे लागतात.

पुढं 1981 मध्ये टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. कोड वाचून कोड लिहिणाऱ्या टूल्सवर तिथं वर्षानुवर्षं काम झालं. नव्वदच्या दशकात वर्षाचे दोनच आकडे साठवलेले जुने प्रोग्राम वायटूकेसाठी तपासायची वेळ आली, तेव्हा तसली टूल्स लागलीच. ती गोष्ट मोठी आहे, पुढच्या भागात घेऊ.