तीनशे फुटांचा कायदा

गेल्या शनिवारी चहा घेता घेता अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा 2011 सालचा एक निकाल वाचायला घेतला. 'स्नायडर विरुद्ध फेल्प्स'. सुरुवातीला माझं मत पक्कं होतं, असल्या लोकांना सरळ आत टाकायला हवं! वाचून संपेपर्यंत ते बरंच डळमळलं.

हकीकत अशी. मॅथ्यू स्नायडर हा मरीन सैनिक मार्च 2006 मध्ये इराकमध्ये गेला. मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टर गावी त्याचा अंत्यविधी होता. तिथे कॅन्ससच्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चची सात माणसं फलक घेऊन हजर. त्यांचं म्हणणं काय, तर अमेरिका समलैंगिकांना खपवून घेते म्हणून देव तिचे सैनिक मारतो. सैनिक मेले म्हणून देवाचे आभार मानणारे फलक! मॅथ्यूशी त्यांची साधी ओळखही नव्हती.

त्याचे वडील अल्बर्ट कोर्टात गेले. 2007 मध्ये ज्युरीने 1 कोटी 9 लाख डॉलर मंजूर केले. न्यायाधीशांनी ते 50 लाखांवर आणले, अपील कोर्टाने शून्यावर. वर 2010 मध्ये विरुद्ध बाजूचा सुमारे 16,500 डॉलर खर्च अल्बर्टनीच द्यावा, असा हुकूम! सुप्रीम कोर्टातही ते 8 विरुद्ध 1 असे हरले.

का? निदर्शक सार्वजनिक जागेवर होते, चर्चपासून साधारण 1000 फुटांवर, पोलिसांनी सांगितलं तिथे. धक्काबुक्की नाही, अंत्यविधीत व्यत्यय नाही. विषयही सार्वजनिक. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अशा बोलण्याने कितीही वेदना झाल्या तरी त्याची शिक्षा देता येत नाही. एकट्या न्या. अलिटोंना हे पटलं नाही.

मग कायद्याच्या हातात उरतं काय? जागा आणि वेळ. 2006 च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय दफनभूमींवर अंत्यविधीच्या आधी-नंतर एकेक तास बंधनं घातली. 2012 मध्ये ते दोन-दोन तास झाले, आणि लष्करी अंत्यविधीच्या जागेपासून 300 फुटांच्या आत मुद्दाम गोंगाट करून व्यत्यय आणणं गुन्हा ठरला. फलकावर काय लिहिलंय, हे कायदा विचारत नाही.

इथेच मी अडकलो. त्या दिवशी अल्बर्टना फलकांची फक्त वरची टोकं दिसली होती. मजकूर कळला तो रात्री, टीव्हीच्या बातम्यांत. म्हणजे 300 काय नि 3000 काय, कुठल्याच फुटांनी त्यांना वाचवलं नसतं.

तरीही निकाल मला पटतो. मजकूर बघून बंदी घालायची मुभा एकदा सरकारला दिली, की उद्या युद्ध चुकीचं आहे म्हणणाराही त्याच जाळ्यात सापडणार. त्यापेक्षा 2005 पासून पेट्रियट गार्ड रायडर्स करतात ते बरं वाटतं. घरच्यांनी बोलावलं तर मोटरसायकलवरून यायचं आणि मोठाले झेंडे घेऊन मधे उभं राहायचं, कुटुंबाला फलक दिसू नयेत म्हणून.

हे सगळं शनिवारी खुर्चीत बसून पटलं हो. पण समोर अल्बर्ट असते तर मला ते त्यांना सांगता आलं असतं का? मला नाही वाटत. तुम्हाला?