कोंबडजाळीची छत्री

पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं की एक गोष्ट लवकर कळते. गिऱ्हाईक म्हणतं टीव्ही बिघडलाय, आणि टीव्ही ठणठणीत असतो. आडवा आलेला असतो डोंगर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरचं सहक्षेपण केंद्र आलं. सपाटीवरच्या लोकांनी ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना बांबूवर चढवला, बूस्टर लावला आणि मुंग्यांतून का होईना, चित्र बघितलं. आमच्या वाड्यांत बांबूला बांबू जोडला तरी लहरी डोक्यावरून निघून जायच्या. कोयनेची वीज साठच्या दशकातच घाट उतरून मुंबईकडे गेली. मुंबईच्या चित्राला मात्र आमच्याकडे यायला वाट सापडेना.

डिश ही पैसेवाल्यांची चैन, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही, कारण या देशात ती आधी खेड्यातच उतरली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग चालला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्याला वापरायला मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट त्याच्यावरून कार्यक्रम दिसत होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण प्रयोगाची धुरा होती मूळ कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांकडे. आणि डिश कशाची? खुराड्याला ठोकतात त्या कोंबडजाळीची, तीन मीटर व्यासाची. यात काटकसर होती तसं शास्त्रही होतं. त्या लहरींची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. इंचभर भोकांची जाळी म्हणजे त्यांच्या लेखी सलग पत्राच, शिवाय वारा आरपार जातो. शेती, आरोग्य, शाळेतल्या पोरांसाठी धडे असं सगळं त्या जाळीतून गावात आलं. त्याच वर्षी आपल्या अभियंत्यांनी कोलंबोत आर्थर क्लार्कच्या घरीही एक डिश बसवून दिली. उपग्रहांतून जगभर प्रक्षेपण करता येईल हे त्यानं १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं. माझ्या मते आपल्या भागातली पहिली घरगुती डिश तीच.

१९७६ मध्ये उपग्रह परत गेला आणि डिश पुढं पैशाच्या मागं गेली. १९९१ च्या आखाती युद्धात ती बड्या हॉटेलांच्या गच्चीवर दिसली, मग स्टार टीव्ही आला, १९९२ मध्ये झी आला. कराडात केबलवाल्यांनी बारा-बारा फुटी छत्र्या उभ्या केल्या. त्याही जाळीच्याच, कारण या वाहिन्या ज्यावर यायच्या त्या सी-बँडच्या लहरीची लांबी साडेसात सेंटिमीटर, फक्त जाळी बारीक हवी. एका छत्रीवर सगळी पेठ टीव्ही बघायची. केबलवाल्याचा हिशेब सरळ होता. चाळीस घरांची आळी असेल तर तो वायर ओढणार, ओढ्यापल्याडच्या दहा घरांसाठी कशाला ओढेल? त्याच्या जागी मीही ओढली नसती.

लहान डिशवर थेट घरात चित्र घेण्याचं तंत्र तेव्हा होतं, पण सरकारनं १९९७ मध्ये त्यावर बंदी घातली. ती उठली २००० च्या अखेरीला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सेवा आली, आताची फ्री डिश. सुरुवातीला तेहतीस वाहिन्या, महिन्याचं भाडं शून्य. बॉक्स, साठ सेंटिमीटरची तबकडी, तिच्यापुढं लहरी पकडणारी एलएनबी आणि वायर एकदाच विकत घ्यायची. बसवणावळ वाचवायची तर बसवायचं आपणच.

आणि इथं आमचा डोंगर हरला. पाटणहून या सेवेचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साठ अंश वर. साठ अंश उंच कडा कुणाच्या परड्यापुढं असतो? आंबा-फणसाची फांदी तेवढी तोडायची. लोक फसायचे ते तबकडी बघून. एलएनबी खालच्या बाजूला असल्यानं तबकडी वाटते बरीच उभी, म्हणून माणसं ती आणखी आभाळाकडे वळवायची आणि सिग्नल घालवून बसायची. मी आधी पाइपाला ओळंबा लावायला सांगायचो. पाइप वाकडा तर पुढचं सगळं वाकडं. कौलारू घराला स्लॅब नसतो, तेव्हा पाइप अंगणात सिमेंटमध्ये रोवायचा. एका तात्यांनी फुटक्या जात्याच्या भोकात पाइप ठोकून वरून सिमेंट ओतलं, कोयनेच्या पावसातही ते हाललं नाही. वायर बॉक्सकडे नेण्याआधी खाली झोळ सोडायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, घरात शिरत नाही.

होकायंत्र नसेल तरी अडत नाही. मार्चच्या मध्याला, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास सूर्य नेमका आताच्या उपग्रहाच्या मागं येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं, लोक बॉक्सला शिव्या देतात. मी म्हणायचो, तेवढ्यात बाहेर जा आणि पाइपाची सावली जमिनीवर कोळशानं ओढून ठेवा. पुन्हा कधी डिश हालली तर त्या रेघेच्या उलट बाजूला तोंड करायचं.

ती रेघही कायमची नव्हे, कारण उपग्रह काही कायमचा नसतो. सुरुवातीला ही सेवा ९५ अंश पूर्व रेखांशावरच्या एनएसएस-६ वर होती. २००७ मध्ये ती ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बी वर गेली. दीड अंशाचा फरक, म्हणजे तबकडीच्या कडेला सेंटिमीटरभरही नाही. पण तेवढ्यानं सिग्नल पडला आणि वाड्यावाड्यांतून निरोप यायला लागले. सगळीकडे जाणं मला शक्य नव्हतं. मी फोनवरच सांगत गेलो: मागचे दोन बोल्ट अर्धा आटा ढिले करा, तबकडी केसभर दक्षिणेला सरकवा, थांबा, बॉक्सला चित्र लावायला वेळ द्या. घाई केली की हुकतं. त्या पावसाळ्याच्या आत पोरं इतकी तयार झाली की मला बोलावणं यायचं ते उंदरानं वायर कुरतडली तरच. पुढं वायर जोडायलाही ती शिकली, आणि मी दुकानात मोबाइलचे चार्जर ठेवायला लागलो.