योजकाचे मोल

अगदीच टाकाऊ असा मनुष्य जगात नसतो, दुर्मीळ असतो तो त्याचा उपयोग ओळखणारा योजक, अशा आशयाचे एक सुभाषित शाळेच्या बाकावर अनेकांनी घोकलेले असते. परंतु अशा योजकाचे मोल करण्याचा प्रसंग येतो तेव्हा मोठमोठे जाणकारही गोंधळतात. युरोपातील फुटबॉलच्या मोठ्या क्लबांत आज खेळाडूंची पारख आणि खरेदी करण्यासाठी स्वतंत्र भरती-संचालक नेमलेला असतो. तो स्वतः खेळत नाही, खेळाडूंना शिकवीत नाही, प्रेक्षकांसमोरही क्वचितच येतो. त्याने निवडलेला खेळाडू चमकला तर शाबासकी शिक्षकाला मिळते आणि फसला तर बोल त्याला लागतो. साहजिकच त्याची किंमत काय, हा क्लबच्या चाहत्यांत सदैव वादाचा विषय असतो.

हा वाद या पदाहून जुना आहे. इंग्लंडच्या मध्यभागी डर्बी आणि नॉटिंगहॅम ही दोन शहरे जवळजवळ वसलेली आहेत. तेथे पीटर टेलर या माणसाच्या निमित्ताने अर्धशतकाहून अधिक काळ तो चालू आहे. टेलरला भरती-संचालक असे कोणी म्हटले नाही. ब्रायन क्लफ या विख्यात व्यवस्थापकाचा तो साहाय्यक होता. इंग्लिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे संघाचा शिक्षक आणि सूत्रधार असे दोन्ही असतो. क्लफचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले. टेलर त्याच्या सावलीत राहिला.

दोघांची गाठ १९५५ साली मिडल्सबरो क्लबमध्ये पडली. टेलर हा सामान्य प्रतीचा गोलरक्षक होता, आणि त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान असलेला क्लफ दुय्यम संघात खितपत पडला होता. या तरुणाच्या पायांत असामान्य गुण आहे, हे टेलरने ओळखले आणि ऐकेल त्याला सांगितले. पुढे क्लफने लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले. टेलरने पारखलेला पहिला मोठा खेळाडू म्हणजे स्वतः क्लफच होय. १९६२ च्या डिसेंबरात गुडघ्याला झालेल्या दुखापतीने क्लफची कारकीर्द अकाली संपुष्टात आली. १९६५ मध्ये हार्टलपूल्स या गरीब क्लबची सूत्रे हाती येताच त्याने टेलरला बोलावून घेतले. बर्टन अल्बियन क्लबमधील व्यवस्थापकाची जागा सोडून टेलर कमी पगारावर त्याच्याकडे गेला.

१९६७ मध्ये दोघे डर्बी काउंटी क्लबमध्ये आले. त्यांची कामाची वाटणी कागदावर कधी उतरली नाही, पण ती सर्वांना ठाऊक होती. टेलरने गावोगावची मैदाने पालथी घालून माणूस हेरावा, आणि क्लफने त्याला आणून, धाक घालून, चुचकारून त्याच्याकडून उत्तम खेळ करून घ्यावा. ट्रॅनमिअर रोव्हर्स या लहान क्लबातील रॉय मॅकफार्लंड हा एकोणीस वर्षांचा बचावपटू अशाच रीतीने आला. त्याला लिव्हरपूलच्या घरी रात्री झोपेतून उठवून करारावर त्याची सही घेण्यात आली. पुढे तो इंग्लंडकडून २८ सामने खेळला. डेव्ह मॅके हा तेहतीस वर्षांचा, लोकांच्या मते संपलेला खेळाडू अवघ्या पाच हजार पौंडांत मिळाला. त्याला मागच्या फळीत उभे करण्यात आले आणि संघाला कणा लाभला. दुसऱ्या श्रेणीत रखडलेला हा क्लब १९७२ साली इंग्लंडचा विजेता ठरला.

अशा वैभवाच्या काळातच कलहाला तोंड फुटले. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांतील क्लफच्या बेफाम बोलण्यामुळे अध्यक्ष सॅम लाँगसन आधीच त्रासला होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये मँचेस्टर येथील सामन्याच्या वेळी जॅक कर्कलंड या संचालकाने टेलरला बोटाने खूण करून जवळ बोलावले आणि विचारले, की क्लबमध्ये तू नेमके काम तरी काय करतोस? प्रश्न हिशेबी माणसाचा होता, आणि हिशेबी दृष्टीने तो अगदीच गैर नव्हता. क्लफचे काम दर शनिवारी हजारो लोक पाहत. टेलरचे काम मात्र कोठल्या तरी लहान गावच्या मैदानाच्या कडेला, गर्दीत बसून होत असे. त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी? दोनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, दोघांनी राजीनामे दिले. चाहत्यांनी सभा भरविल्या, मिरवणुका काढल्या; पण संचालक बधले नाहीत.

पुढे जे घडले त्यात दोन्ही पक्षांना आपापला पुरावा सापडला. नवा व्यवस्थापक म्हणून मॅकेलाच परत आणण्यात आले आणि १९७५ मध्ये डर्बीने पुन्हा लीग जिंकली. क्लफ-टेलरवाचून काही अडले नाही, असे एक पक्ष म्हणू लागला. दुसरा पक्ष विजयी संघातील टॉड, गेमिल, निश यांच्याकडे बोट दाखवून विचारू लागला, की ही माणसे आणली कोणी? झाड लावणारा निघून गेला तरी फळे येतच राहतात. त्यामुळे फळांवरून माळ्याची गरज ठरविता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मधल्या काळात या जोडीची फारकतही झाली होती. राजीनाम्यानंतर दोघे ब्रायटन क्लबमध्ये गेले. तेथून १९७४ मध्ये क्लफ एकटाच लीड्स क्लबमध्ये गेला आणि ४४ दिवसांत त्याला डच्चू मिळाला. टेलर ब्रायटनमध्येच व्यवस्थापक म्हणून राहिला. तिसऱ्या श्रेणीत त्याचा संघ प्रथम एकोणिसावा आणि पुढील वर्षी चौथा आला. बढती थोडक्यात हुकली. परंतु जाण्यापूर्वी त्याने बर्टन अल्बियनकडून चार हजार पौंडांत घेतलेल्या पीटर वॉर्ड याने १९७६-७७ च्या हंगामात ३६ गोल केले आणि त्याच वर्षी ब्रायटनला बढती मिळाली. श्रेय मात्र नवा व्यवस्थापक अ‍ॅलन मलरी याच्या नावे जमा झाले.

जानेवारी १९७५ मध्ये क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबमध्ये आला होता. त्याच्या एकट्याच्या कारभारात दुसऱ्या श्रेणीतील हा संघ प्रथम सोळावा आणि नंतर आठवा आला. जुलै १९७६ मध्ये टेलर येऊन मिळाला. १९७७ मध्ये संघाला बढती मिळाली, १९७८ मध्ये त्याने लीग जिंकली, आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कपही जिंकला. केनी बर्न्स हा व्यसनी आणि भांडखोर म्हणून बदनाम होता. त्याची खरी वर्तणूक पाहण्यासाठी टेलर कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानावर वेष पालटून त्याच्या पाळतीवर राहिला, असे सांगतात. बर्न्सला आघाडीवरून बचावफळीत आणण्यात आले आणि १९७८ मध्ये क्रीडालेखकांनी त्याला वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरविले. लाँग ईटन युनायटेड या किरकोळ संघातून गॅरी बर्टल्सला दोन हजार पौंडांत घेतले गेले. त्याच्या खेळापेक्षा मध्यंतरातले गरम पेय बरे होते, असा शेरा क्लफने प्रथम मारला होता. १९८० मध्ये हाच खेळाडू साडेबारा लाख पौंडांना विकला गेला.

टेलरच्या पक्षाचा विजय येथे झाला असे वाटते. परंतु इतिहास इतका सरळ नसतो. पुढील दोन वर्षांत जोडीने केलेल्या मोठ्या खरेद्या फसल्या. ब्रायटनचा तोच पीटर वॉर्ड फॉरेस्टमध्ये निष्प्रभ ठरला. दहा लाख पौंड मोजून आणलेला जस्टिन फॅशानू लीगमध्ये तीनच गोल करू शकला. इकडे साडेबारा लाखांच्या बर्टल्सला मँचेस्टर युनायटेडमधील पहिल्या हंगामात लीगचा एकही गोल करता आला नाही. पारख म्हणजे केवळ नग ओळखणे नव्हे. तो कोणत्या कोंदणात बसेल हे ओळखणेही तिच्यात येते. कोंदण घडविणारा क्लफ होता. म्हणून एकाला वजा करून दुसऱ्याचे मोल काढू पाहणारी चाहत्यांची वजाबाकी दर वेळी चुकत राहिली.

ती वजाबाकी पुढे त्या दोघांच्या मनातही शिरली. १९८० मध्ये टेलरने दोघांच्या सहवासावर पुस्तक लिहिले, ते क्लफला न सांगता. त्याचे शल्य क्लफला राहिले. १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाला आणि काही महिन्यांतच डर्बीचा व्यवस्थापक म्हणून परतला. १९८३ मध्ये त्याने फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन हा खेळाडू क्लफला पूर्वकल्पना न देता डर्बीला नेला. क्लफ तेव्हा धर्मादाय निधीसाठी पदयात्रेवर होता. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. टेलरच्या हाताखाली डर्बीची घसरण झाली आणि १९८४ मध्ये त्याला जावे लागले. क्लफने पुढे दोनदा लीग कप जिंकला; पण लीगचे विजेतेपद किंवा युरोपियन कप त्याला पुन्हा लाभला नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये टेलर वारला. ज्याच्याशी सात वर्षे अबोला धरला, त्याच्या अंत्यविधीला क्लफ गेला, आणि १९९४ मध्ये लिहिलेले आत्मचरित्र त्याने टेलरलाच अर्पण केले. २००४ मध्ये क्लफचेही निधन झाले.

चाहत्यांचा वाद त्यानंतरही मिटला नाही. नॉटिंगहॅममध्ये २००८ साली क्लफचा पुतळा उभारण्यात आला, त्यात क्लफ एकटा आहे. फॉरेस्टच्या मैदानावरील मुख्य प्रेक्षागाराला टेलरचे नाव मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले. डर्बीमध्ये २०१० साली जो पुतळा बसविला गेला, त्यात दोघे शेजारीशेजारी उभे आहेत. या शहरांना जोडणारा हमरस्ता क्लफच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या एका टोकाला क्लफ एकटा दिसतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच्याजवळ टेलर असतो. टेलर काम काय करतो, असा प्रश्न १९७३ साली विचारणारा संचालक याच दुसऱ्या टोकाच्या क्लबचा होता.