सेवाव्यवस्थापनातील व्यावसायिक पात्रता : शासकीय पुस्तिकेपासून मुदतीच्या प्रमाणपत्रापर्यंत

प्रस्तावना

व्यावसायिक पात्रतेचा इतिहास लिहिताना वैद्यक, विधी व लेखापालन या क्षेत्रांचा विचार प्राधान्याने केला जातो. या व्यवसायांतील पात्रतेमागे कायद्याचे बळ असते. भारतात चार्टर्ड अकाउंटंट या नावाचा वापर १९४९ च्या अधिनियमाने नियंत्रित केला आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात सेवाव्यवस्थापनाच्या पात्रतेला असा कायदेशीर आधार नाही. तरीही 'आयटिल' या नावाने ओळखली जाणारी प्रमाणपत्रे गेल्या तीन दशकांत जगभर नोकरीच्या जाहिरातींत व निविदांच्या अटींत येऊन बसली. कायदा पाठीशी नसलेल्या पात्रतेचे मोल कोण ठरवतो आणि ती मिळवणाऱ्याच्या हाती नेमके काय राहते, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने या पात्रतेच्या वाटचालीचा येथे परामर्श घेतला आहे.

उगम

१९८० च्या दशकात ब्रिटिश शासनाच्या खात्यांमध्ये संगणकांचा वापर झपाट्याने वाढला. संगणकाची खरेदी एकदाच होते. तो वर्षानुवर्षे चालवणे, बिघाड दुरुस्त करणे आणि बदल नोंदवून ठेवणे यांवरचा खर्च मात्र थांबत नाही. हे काम प्रत्येक खाते आपापल्या रीतीने करीत होते. काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या थॅचर शासनाच्या काळात 'सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी' या सल्लागार संस्थेने चांगल्या कार्यपद्धतींचे संकलन हाती घेतले. त्यामागे काही पूर्वतयारीही होती. आयबीएम कंपनीने संगणक विभागाच्या व्यवस्थापनाची मांडणी १९८० च्या सुमारास पुस्तकरूपाने केली होती.

१९८९ पासून 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी' ही ग्रंथमाला शासकीय मुद्रणालयामार्फत प्रसिद्ध होऊ लागली. १९९६ पर्यंत तिचे तीसहून अधिक भाग निघाले. मदतकक्ष, बदलांचे नियंत्रण, सेवापातळीचे करार, आपत्कालीन नियोजन असे विषय स्वतंत्र पुस्तकांत हाताळले गेले. लायब्ररी हे नाव सार्थच होते. वाचकाने गरजेचे पुस्तक काढावे, उपयोगी पडेल तेवढे घ्यावे, अशी योजना होती. कोणी अमुक परीक्षा दिलीच पाहिजे, असा हेतू मूळ ग्रंथमालेत दिसत नाही.

परीक्षा

परीक्षा आल्या त्या १९९० च्या दशकाच्या आरंभी. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचे परीक्षा मंडळ आणि नेदरलँड्समधील एक्झिन या दोन संस्थांनी त्या चालवल्या. एक्झिनची स्थापना १९८४ मध्ये डच अर्थव्यवहार मंत्रालयाच्या पुढाकाराने झालेली होती. वरच्या पायरीवरील 'मॅनेजर' प्रमाणपत्रासाठी उमेदवाराला एका कल्पित संस्थेचे प्रकरण दिले जाई आणि त्याच्या आधारे तीन-तीन तासांच्या दोन प्रश्नपत्रिकांत निबंधवजा उत्तरे लिहावी लागत. प्रशिक्षणवर्गातील कामगिरीचेही मूल्यमापन होई. पायाभूत परीक्षेत मात्र ४० बहुपर्यायी प्रश्न, एक तासाचा अवधी आणि उत्तीर्ण होण्यासाठी २६ अचूक उत्तरे, असे स्वरूप रूढ झाले.

या परीक्षेत शिकवली जाणारी एक भेदरेषा पाहण्यासारखी आहे. ऐन निकालाच्या दिवशी महाविद्यालयाचे संकेतस्थळ बंद पडले, तर ते शक्य तितक्या लवकर पुन्हा सुरू करणे हे 'इन्सिडेंट' हाताळण्याचे काम होय. ते वारंवार का बंद पडते याचा मुळाशी जाऊन शोध घेणे हे 'प्रॉब्लेम' हाताळण्याचे काम होय. पहिल्यात घाई हा गुण ठरतो, तर दुसऱ्यात तोच दोष ठरू शकतो. ही भेदरेषा पाठ करण्यास एक मिनिट पुरते. कार्यालयात ती पाळण्यासाठी दोन्ही कामे वेगळी ओळखणारी माणसे, नोंदी आणि वेळ लागतो. चाळीस प्रश्नांची परीक्षा पहिली गोष्ट तपासते. दुसरी तपासण्याचा थोडाफार प्रयत्न निबंधवजा प्रश्नपत्रिकेत होत होता.

भारतातील प्रसार

२००० नंतर मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील कंपन्यांनी परदेशी ग्राहकांच्या संगणकप्रणाली दुरून सांभाळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. लंडनमधील बँकेचा कर्मचारी आणि पुण्यात रात्रपाळी करणारा अभियंता यांनी 'इन्सिडेंट' या शब्दाचा एकच अर्थ घेणे ही आता कराराची गरज बनली. डिसेंबर २००५ मध्ये सेवाव्यवस्थापनाचे आयएसओ २०००० हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. ते २००० मधील ब्रिटिश मानकावर आधारलेले होते. मानकाचे प्रमाणपत्र संस्थेला मिळते, आयटिलचे व्यक्तीला. व्यवहारात दोहोंची सरमिसळ झाली. आपली संस्था प्रगल्भ आहे हे दाखवण्यासाठी प्रमाणपत्रधारकांची संख्या पुढे केली जाऊ लागली. ही सांगड सदोष म्हणावी लागेल. पन्नास अभियंते उत्तीर्ण असलेल्या विभागातही बिघाडांची कारणे कोणी शोधत नसेल, असे सहज घडू शकते. मात्र अभियंत्यापुरते पाहिले तर त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. अभियांत्रिकीची पदवी सर्वांकडेच होती; ग्राहकाला परिचित असलेला शिक्का काहींकडेच होता.

पायऱ्यांचा जिना

मे २००७ मध्ये ग्रंथमालेची तिसरी आवृत्ती निघाली. सेवेच्या धोरणापासून सततच्या सुधारणेपर्यंतचे जीवनचक्र पाच ग्रंथांत मांडले गेले. परीक्षांना श्रेयांक जोडण्यात आले आणि 'एक्स्पर्ट' पदासाठी २२ श्रेयांकांची अट आली. विद्यापीठीय श्रेयांकपद्धतीशी परिचित प्राध्यापकवर्गास ही रचना ओळखीची वाटेल. मधल्या पायऱ्यांसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण सक्तीचे झाले. निबंध गेले. त्यांच्या जागी प्रसंगाधारित आठ बहुपर्यायी प्रश्न आले, ज्यांत सर्वोत्तम उत्तरास ५, त्याखालील उत्तरांस ३ व १ आणि चुकीच्या उत्तरास शून्य गुण असत. परीक्षकाच्या निवाड्याची जागा अशा प्रकारे आधीच ठरवलेल्या उत्तरक्रमाने घेतली. हजारो उमेदवारांची समान तपासणी त्यामुळे शक्य झाली, हे मान्य केले पाहिजे. पण ठरलेल्या क्रमाहून वेगळे आणि तरीही योग्य उत्तर देणाऱ्या अनुभवी माणसाला आपले म्हणणे मांडण्याची जागा उरली नाही.

संगणक विभागाबाहेर

२०१० नंतर ही परिभाषा संगणक विभागाच्या बाहेर पडली. एखाद्या महाविद्यालयात नवा अध्यापक रुजू होतो तेव्हा वेतनपत्रक, ओळखपत्र, ग्रंथालयाचे खाते, ई-मेल आणि खोलीची किल्ली यांसाठी त्याला पाच ठिकाणी अर्ज करावे लागतात. हे सर्व एकाच विनंतीखाली नोंदवावे, प्रत्येक टप्प्याला मुदत असावी आणि विनंती कोठे अडली ते दिसावे, हा संस्थाव्यापी सेवाव्यवस्थापनाचा अर्थात 'एंटरप्राइज सर्व्हिस मॅनेजमेंट'चा गाभा होय. २००४ मध्ये फ्रेड लडी यांनी स्थापन केलेल्या सर्व्हिसनाऊसारख्या कंपन्यांच्या प्रणालींनी या विचाराला चालना दिली. फेब्रुवारी २०१९ मधील आयटिलच्या चौथ्या आवृत्तीने ३४ कार्यपद्धती मांडल्या. त्यांत मनुष्यबळ, वित्त, पुरवठादार यांच्याशी संबंधित कार्यपद्धतींनाही स्थान मिळाले. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने शासकीय सेवांना मुदत आणि अपील यांची जोड दिली, ती वेगळ्या परंपरेतून. तेथे मुदतीमागे नागरिकाचा हक्क आहे. आयटिलमध्ये करार आहे.

मालकी आणि मुदत

दरम्यान पात्रतेची मालकी बदलत गेली. मूळ संस्था २००० नंतर 'ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट कॉमर्स'मध्ये विलीन झाली. २०१३ मध्ये कॅपिटा कंपनीचा ५१ टक्के आणि ब्रिटिश शासनाचा ४९ टक्के वाटा असलेली एक्सेलॉस ही कंपनी स्थापन झाली. २०१८ च्या आरंभापासून परीक्षा घेण्याचे काम एकट्या पीपलसर्ट या संस्थेकडे आले. प्रारंभापासून परीक्षा चालवणारी एक्झिन त्यातून बाहेर पडली. २०२१ मध्ये पीपलसर्टने एक्सेलॉसच ३८ कोटी पौंडांना विकत घेण्याचा करार केला. सार्वजनिक पैशातून, शासकीय खात्यांच्या उपयोगासाठी लिहिलेल्या पुस्तकांचा प्रवास असा खाजगी मालमत्तेपर्यंत झाला.

या बदलांचा भार प्रमाणपत्रधारकावर पडला. २००३ मध्ये निबंध लिहून 'मॅनेजर' झालेल्या व्यक्तीला २००७ नंतर 'एक्स्पर्ट' म्हणवून घेण्यासाठी जोडपरीक्षा द्यावी लागली. चौथ्या आवृत्तीत 'मॅनेजिंग प्रोफेशनल' होण्यासाठी संक्रमणाचा आणखी एक अभ्यासक्रम पुढे आला. २०२३ पासून तीन वर्षांनी नूतनीकरणाची अट लागू झाली. त्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी, त्याच मालिकेतील दुसरी परीक्षा उत्तीर्ण व्हावे किंवा सदस्यत्व घेऊन व्यावसायिक विकासाचे गुण नोंदवावेत, असे मार्ग ठेवण्यात आले. ज्ञान जुने होते, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच निराधार नाही. डॉक्टरांकडूनही निरंतर शिक्षणाची अपेक्षा केली जाते. परंतु वैद्यक परिषद स्वतःची पाठ्यपुस्तके आणि परीक्षा विकत नाही. येथे ग्रंथ, परीक्षा, नूतनीकरण आणि उत्तीर्णांची नोंदवही या चारही गोष्टी एकाच कंपनीच्या हाती आहेत, आणि प्रमाणपत्राची मुदत संपल्याचा निर्णय देणारीही तीच आहे.