एल्बेतीरींच्या तीन कबरी

कबरीवरील लेख आणि कबरींतील अस्थि यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हा प्रश्न संशोधकास पदोपदीं पडतो. जर्मनींत एल्बे नदीच्या कांठीं विटेनबर्ग, टोर्गाउ व माग्डेबुर्ग हीं शहरें आहेत. तेथील प्रॉटेस्टंट चर्चांतील तीन कबरी या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतात. म्हणून त्यांची हकीकत आम्ही येथें देत आहों.

धर्मसुधारक मार्टिन लूथर हा ता. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं आइस्लेबेन येथें वारला. ता. २२ रोजीं विटेनबर्गच्या राजवाड्याच्या चर्चमध्यें त्यास पुरण्यांत आलें. त्याचा आश्रयदाता इलेक्टर फ्रेडरिक (मृ. १५२५) याची कबर तेथें होतीच, पुढें १५६० सालीं लूथरचा सहकारी मेलांख्थोन याचीहि झाली. १५४७ सालीं म्यूलबर्गच्या लढाईंत इलेक्टर योहान फ्रेडरिक याचा पराभव करून बादशहा पांचवा चार्ल्स विटेनबर्गांत शिरला. लूथरचें प्रेत उकरावें असा त्यास आग्रह झाला असतां, आपलें वैर जिवंतांशीं आहे, मृतांशीं नाहीं, असें त्यानें उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. प्रेत अगोदरच गुप्तपणें हलविलें होतें, अशीहि एक वदंता होती.

वरवर पाहणारास या वदंतेस आधारहि मिळण्याजोगा होता. लूथरच्या कबरीसाठीं एर्फुर्ट येथें ओतविलेला, त्याची पूर्णाकृति असलेला धातूचा पत्रा विटेनबर्गास नाहीं; तो येना येथील चर्चमध्यें आहे. परंतु याचें कारण राजकीय आहे. पराभवामुळें विटेनबर्ग इलेक्टरच्या घराण्याच्या हातून गेलें आणि पत्रा त्या घराण्याकडेच राहिला. विटेनबर्गास आहे ती त्याची प्रतिकृति. शेवटीं १८९२ सालीं, चर्चची दुरुस्ती चालू असतां, कबर गुप्तपणें उकरून पाहण्यांत आली व शवपेटी जागच्या जागीं आढळली. पत्रा गेला, पण प्रेत हललें नव्हतें.

लूथरची पत्नी कातारिना मात्र त्याच्याजवळ नाहीं. सांथीमुळें विटेनबर्ग सोडून जात असतां ती वाटेंत जखमी झाली आणि ता. २० डिसेंबर १५५२ रोजीं टोर्गाउ येथें वारली. तेथील सेंट मेरीच्या चर्चमध्यें तिची समाधिशिला आहे.

तिसरें उदाहरण याहून प्राचीन. माग्डेबुर्गच्या प्रधान चर्चमध्यें बादशहा पहिला ओटो (मृ. ९७३) याची कबर आहे, हें चर्च १५६७ पासून प्रॉटेस्टंटांकडे आलें. ओटोची राणी एडिथ ही इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाची नात. ती ९४६ सालीं वारली. तिच्या नांवाची शिलापेटी रिकामी असावी, अशी समजूत होती. २००८ सालीं तींत शिशाची पेटी सांपडली. पेटीवरील १५१० चा लेख आंतील अस्थि एडिथच्याच असल्याचें सांगत होता. पण तो मृत्यूनंतर साडेपांचशें वर्षांहून अधिक काळानें कोरलेला! म्हणून दांतांच्या कवचाची रासायनिक परीक्षा झाली. त्या स्त्रीचें बालपण दक्षिण इंग्लंडांत गेल्याचें तींत दिसलें, आणि उत्तरकालीन लेख खरा ठरला.

ताम्रपट ज्या घरीं मिळाला त्याच गांवचें तें दान, असें आपण मानीत नाहीं. तोच न्याय येथेंहि लागू आहे. येनाचा पत्रा अस्सल असून कबर तेथें नाहीं. माग्डेबुर्गचा लेख उत्तरकालीन असून अस्थि खऱ्या आहेत. म्हणून वस्तु कोठें, केव्हां व कोणाकडून मिळाली, हें संग्राहकांनीं त्याच दिवशीं टिपून ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.